होल्टर नॉर्मल आला, तरी घेरी येतेच

ईसीजी आणि २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र) नॉर्मल आला म्हणून 'हृदयाचं काही नाही' असं तुम्हाला सांगितलं, हे तुम्ही लिहिलेलं वाचून राहवलं नाही. तुम्ही महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बेशुद्ध पडता. नेमकी त्या २४ तासांत घेरी आली नसेल, तर त्या रिपोर्टवरून फारसं काही ठरत नाही. इतक्या क्वचित होणाऱ्या त्रासासाठी छातीच्या त्वचेखाली बसवायचा छोटा लूप रेकॉर्डर असतो, तो दोन-तीन वर्षं ठोक्यांवर लक्ष ठेवतो.

पण त्याआधी, आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर ३ मिनिटांपर्यंत तुमचं बीपी कुणी मोजलं का? वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर कारण बहुधा तिथेच सापडतं. (बीपीच्या गोळ्या चालू असतील तर तेही जरूर सांगा.) बीपी न उतरता नाडी १० मिनिटांत ३० नं वाढत असेल, तर टिल्ट टेबल चाचणीबद्दल (कलत्या टेबलावर झोपवून, टेबल उभं करत बीपी आणि नाडी बघतात) विचारा.

पळताना किंवा झोपलेलं असताना शुद्ध गेली असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर मात्र कृपा करून थांबू नका, लगेच हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. तुम्हाला पडताना ज्यांनी पाहिलं, त्यांनाही सोबत न्या.