एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्या) चालू असलेल्या मावशीच्या पायाची आग होतीय, मालिश चालेल का?

खानापूरची_भाची
नमस्कार सगळ्यांना. प्रश्न माझ्या मावशीचा आहे, खानापूर तालुक्यात असते, वय ५४, २००८ पासून एआरटीवर. गोळी कधी चुकवत नाही, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, सापडत नाही असं सांगितलंय. पण पायानं हैराण केलंय बघा, रात्री तळव्यांची नुसती आग, पांघरूण लागलं तरी सुया टोचल्यासारखं होतंय, आणि दिवसा उलटं, चप्पल पायातनं निसटून मागं राहिली तरी तिला पत्ता नसतो. रोप लावताना पाय कापला तो रक्त दिसल्यावर कळला. आमच्या गल्लीत एक आजी आहेत, बाळंतिणीला तेल लावाय जातात, हात लई चांगला आहे त्यांचा, त्यांना बोलवूया म्हटलं तर मावशी नको म्हणते, आधी त्यांना सांगाय लागणार आणि सांगितलं की गावभर होणार. आता तर कुणी हात लावाय गेलं की पायच मागं घेते ती. मालिशनं खरंच फरक पडतो का? आणि आजींना सांगायलाच पाहिजे का?

बेळगाव_फिजिओ
ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण मावशी तिथंच अडकल्यात. अंगाला हात लावून, तेल चोळून, घामानं एचआयव्ही पसरत नाही, आणि त्यांचा व्हायरस तर दबलेला आहे. सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही, २०१७ चा एचआयव्ही एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालाय, त्यात स्टेटस गुप्त ठेवायचा हक्क आहे. "नसांचं दुखणं आहे, हलक्या हातानं लावा" एवढं आजींना सांगायलाच पाहिजे, बाकीचं नाही सांगितलं तरी चालतंय.

आता मालिश. खराब झालेली नस मालिशनं भरून येत नाही, तसं कुणी सांगत असेल तर पैसे देऊ नका. पण आखडलेल्या पोटऱ्या सैल होतात, झोप लागते, आग थोडा वेळ तरी मागं पडते, आणि मी ज्यांचे पाय बघतो त्यांना तेवढीसुद्धा झोप मोठी वाटते. बाळंतिणीला लावतात तसं रगडून मात्र अजिबात नको. तळव्याला दाब कळत नसतो, त्यामुळं "दुखतंय का" विचारून उपयोग नाही, आधी मांडीवर किंवा दंडावर दाबून बघायचं आणि त्याहून हलकं पायाला. पावलाकडनं गुडघ्याकडं, झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं पुरे. बोटांच्या बेचक्यात तेल ठेवू नका. जखम असेल तर त्या जागी नाही. एकच पाय सुजलाय, गरम लागतोय तर मालिश बंद, सरळ डॉक्टर. आणि तेलकट पायानं रात्री बाथरूमला उठल्या तर घसरतील, मोजे घाला.

चिकोडीचा_अण्णा
मी स्वतः २००६ पासून गोळ्या खातोय म्हणून लिहितो. त्यावेळी आम्हाला स्टॅव्ह्युडिन असायची, त्या गोळीनं जीव वाचवला हे खरं पण पायाच्या नसा आणि गाल दोन्ही खाल्ले, पुढं बंद झाली ती, डब्ल्यूएचओनंच २००९ ला हळूहळू काढा म्हणून सांगितलं. मावशींनी २००८ ला सुरू केलंय म्हणजे त्यांनाही तीच असणार, जुनं औषधाचं पुस्तक काढून बघा. सगळ्यात लांब नस आधी मार खाते म्हणून बोटांपासनं चालू होऊन मोज्यासारखं वर चढतं.

माझी चूक सांगतो. आग कमी व्हावी म्हणून गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसलो, पाणी किती कडक आहे कळलंच नाही, सकाळी दोन्ही तळव्यांना फोड, भराय दीड महिना गेला. शेक, गरम पाण्याची पिशवी काही नको, पाणी घ्यायचंच तर दुसऱ्यानं कोपर बुडवून बघायचं. काशाच्या वाटीनं घासतात तेही मी सोडलं, कातडं निघालं तरी कळत नाही. बायको भिरंडेल (कोकमाचं तेल) लावते हलकं, भेगा पण राहिल्या नाहीत. रोज रात्री पायाखाली आरसा धरून बघतो कुठं कापलंय का. मावशींना चिखलात अनवाणी उतरू देऊ नका वो.

खानापूरची_भाची
अण्णा, व्हय, जुन्या पुस्तकात तेच नाव आहे, तीन वर्षं होती. पण आग वाढलीय ती मागच्या वर्षापासनं. तेव्हा टीबी होऊ नये म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या होत्या. त्याच्याबरोबरची छोटी गोळी तिनं मधेच सोडली होती, "किती गोळ्या खाऊ" म्हणून.

निपाणी_ताई
मी काही वर्षं समुपदेशनाचं काम केलंय. ही गोष्ट डॉक्टरांना आधी सांगा, मालिशच्याही आधी. टीबीच्या त्या आयसोनियाझिडनं शरीरातलं बी-६ कमी होतं, नसा त्यानंही जळतात, आणि ती छोटी गोळी बहुतेक बी-६ चीच असणार. सोबत बी-१२ आणि शुगर तपासायला सांगा. शुगर निघाली आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिली तर एआरटीतली डोल्यूटेग्राविर चालू आहे हे सांगायचं, डोस बघावा लागतो. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या डोल्यूटेग्राविरबरोबर उपाशीपोटी नकोत, जेवणासोबत एकत्र चालतात. कुणी नसांसाठी भस्म, काढा देत असेल तर एआरटी सेंटरला दाखवल्याशिवाय नको. आणि एआरटी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, पाय कितीही दुखू दे. गावात कुणाला विचारायचं नसेल तर १०९७ ही एचआयव्हीची हेल्पलाइन फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

खानापूरची_भाची
सगळ्यांचे आभार. सोमवारी बेळगावला सिव्हिलच्या सेंटरला नेते, सगळी पाकिटं पिशवीत घेऊन. आजींचं मावशीवर सोडलंय, तिला वाटेल तेव्हा. काल रात्री मीच खोबरेल लावलं, आधी दंडावर दाबून बघितलं फिजिओंनी सांगितलं तसं. डावा पाय झाल्यावर उजवा तिनं आपणहून पुढं केला.