ग्लेनईगल्सला बाबांसाठी कुठला गोल्फ कोर्स घेऊ?

ग्लासगोतला_पुणेकर:
जूनमध्ये आईबाबा येतायत. बाबा ६८ चे, पुण्यात नेमाने गोल्फ खेळतात, हँडीकॅप १९ (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण १९ जास्त लागतात), सपाटीला मस्त चालतात पण चढउतार आला की गुडघा दुखतो. ग्लेनईगल्सला, म्हणजे स्कॉटलंडमधल्या त्या गोल्फ हॉटेलला, ट्रेनने जाता येतं म्हणून तेच ठरवलंय. तिथल्या किंग्ज, क्वीन्स आणि पीजीए सेंटेनरी या कोर्सपैकी कुठला घेऊ? बाबांना २०१४ ची रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका स्पर्धा) झाली तोच हवाय. एकदाच होणारे, नीट सांगा प्लीज.

पर्थशायर_माणूस:
रायडर कपवाला म्हणजे सेंटेनरी, अमेरिकन गोल्फपटू जॅक निकलॉसने आखलेला, १९९३ चा. चांगलाच आहे, पण लांबलचक, ७००० यार्डांच्या वर, आणि एका ग्रीनवरून (होलभोवतीची बारीक गवताची जागा) पुढच्या टीपर्यंतच (जिथून पहिला फटका मारतात) किती चालावं लागतं. मी म्हणेन किंग्ज. स्कॉटिश गोल्फपटू जेम्स ब्रेडने आखलेला, १९१९ चा, आणि तिथली जमीनच बघण्यासारखी आहे, हिमनदीने मागे सोडलेली वाळू-खडीची टेकाडं, त्यामुळे पाऊस पडून गेला तरी पाणी पटकन मुरतं आणि पायाखाली गवत मऊ, उसळीचं लागतं. समुद्र जवळ नाही, समोर ओकिल टेकड्या. पहिल्याच होलला ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) आरामात जातो आणि मग ग्रीन एकदम वर, चढाच्या पोटात खोल बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. तिथे अंतर बघून क्लब काढला तर बॉल हमखास खाली राहतो, एक-दोन नंबर जास्त लांब मारणारा क्लबच घ्यायला सांग. पाचवा होल, पार थ्री (तीन फटक्यांत संपवायचा), तर कमाल, ग्रीन टेबलासारखं उंच, जरा डावी-उजवीकडे गेला की बॉल घरंगळत खाली बंकरमध्ये.

नेहा_एडिनबरा:
किंग्ज सुंदर आहे यात वादच नाही, पण दुखऱ्या गुडघ्याला तो चढ कशाला? क्वीन्स घे. तोही ब्रेडचाच, तीच टेकाडं, तीच झाडं, फक्त लांबी बरीच कमी, मग बाबा शेवटच्या होलपर्यंत ताजे राहतील आणि खेळाकडे लक्ष लागेल. माझ्या सासऱ्यांना तिथेच नेलं होतं, अजून फोनवर त्याचंच बोलतात. आणि हो, पुण्यापेक्षा इथली हवा थंड आणि जड, बॉल तेवढा लांब जात नाही, हे आधीच सांगून ठेव नाहीतर पहिले चार होल वैतागतील.

पर्थशायर_माणूस:
नेहाचं गुडघ्याचं पटलं. मग क्वीन्स घे आणि कॅडी (बॅग उचलणारा, कोर्स माहीत असलेला मदतनीस) आत्ताच बुक कर, ग्रीनचा उतार कुणीकडे हे नव्या माणसाला टेकड्यांमुळे कळतच नाही, उलटंच दिसतं. सकाळची घाई नको, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो.

ग्लासगोतला_पुणेकर:
क्वीन्स फायनल, दुपारचा टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) बघतो. रायडर कपवाल्याच्या पहिल्या टीवर बाबांना उभं करून फोटो काढू देतील का, हे हॉटेलला मेल करून विचारतो.