अनुभव धागा (सीमाभाग): कुणी बघत नसताना काय ठरवता?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळींनो, रोजच्या व्यवहारात योग्य-अयोग्य कसं ठरवता आणि स्वतःची झाडाझडती कधी घेता, ते इथं लिहा. बसमधले, काट्यावरचे, काउंटरवरचे साधे प्रसंग हवेत. पहिला माझा.

नणंद महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात दिलीय. ती आली की आम्ही सौंदत्तीला यल्लम्माला जातो. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात साध्या सरकारी बसला बायकांना तिकीट पडत नाही, पण ओळखपत्रावर पत्ता इथला लागतो. जाऊबाईंनी आपलं आधार तिच्यापुढं धरलं. "ने गं, गर्दीत कोण फोटो बघतंय!" नणंद म्हणाली, "नको वैनी. आमच्या एसटीत मला अर्धं तिकीट हाय की. इथलं पूर्ण काढतो." बस लागायच्या आधीच तिनं पैसे मुठीत काढून ठेवले होते. मला तेच फार आवडलं. कंडक्टर समोर आल्यावर विचार करत बसायची वेळच तिनं ठेवली नव्हती.

निपाणी भाग, शेतकरी

आम्ही जैन. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दशलक्षण पर्व, रोज एका धर्माचं, म्हणजे सद्गुणाचं चिंतन. उत्तम आर्जव म्हणजे मनात, तोंडात आणि हातात एकच असणं. त्या संध्याकाळी बाबा मजुरांच्या उचलीची वही काढून ज्याचा त्याला हिशेब वाचून दाखवायचे. मीही तेच करतो. वही उघडी झाली की आकडे आपोआप सरळ राहतात. पर्व संपल्यावर क्षमावाणीला, म्हणजे एकमेकांची क्षमा मागायच्या दिवशी, सगळ्यांना एकच मेसेज पाठवायची पद्धत पडलीय, ती मला पटत नाही. ज्याच्याशी खरंच बिनसलंय त्याच्या दारात जावं. यंदा बांधावरून अबोला धरलेल्या शेजाऱ्याकडं गेलो. चहा झाला. बांधाचं काही ठरलं नाही, पण आता पाण्याच्या पाळीचं बोलणं होतंय.

वडगाव, यंत्रमाग

साडीच्या आतल्या घडीत ताणा तुटल्याची खूण असली तर चिठ्ठी लावतो. व्यापारी दर कापतो. तरी लावतो.

खानापूर तालुका, बँक कर्मचारी

२०२० च्या खरिपापासून पीक विमा कर्जदार शेतकऱ्यालाही ऐच्छिक आहे. नको असेल तर नोंदणीच्या मुदतीच्या सात दिवस आधी लेखी द्यावं लागतं. फॉर्म कन्नड-इंग्रजीत, समोरची आजी फक्त मराठी बोलणारी. अंगठा घेण्याआधी मी तिला सगळं मराठीत सांगतो. रांग खोळंबते, मागचे कुरकुरतात. खरा पेच पुढंच आहे. नको म्हणून लिहून दिलेल्यांचं भात उद्या पावसात आडवं झालं तर? माझ्या सांगण्यानंच त्यांनी नको म्हटलेलं असणार. म्हणून आता हप्ता किती कापला जाईल आणि विमा नसेल तर काय गमवाल, दोन्ही सांगतो. तरी घरी गेल्यावर मनात येतं, माझा आवाज एका बाजूला जरा झुकला होता का? तुम्ही काय करता?

निपाणी भाग, शेतकरी

साहेब, त्यांना फॉर्म घरी नेऊ द्या. नको म्हणायची मुदत चार दिवसांवर आली असताना विचारू नका, पेरणीआधीच विचारा. घरात पोरं-सुना वाचतील, आपसात बोलतील. बाजूला कोण ओढतंय ते त्यांचं त्यांना कळेल.