गूगल अर्थवर जग फिरायचंय, पण प्रेक्षणीय स्थळं सोडून. काय काय बघावं?

भूगोलसरांचीलेक:
नमस्कार मंडळी. माझे बाबा हायस्कूलला भूगोल शिकवायचे, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. गुडघ्यांमुळे आता बाहेर पडणं जवळपास बंदच आहे. आयुष्यभर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी फिरवत नाईल नि अ‍ॅमेझॉन शिकवली, स्वतः मात्र कधी देशाबाहेर गेले नाहीत. म्हणून मी त्यांना लॅपटॉपवर गूगल अर्थ सुरू करून दिलं. पिरॅमिड, आयफेल टॉवर, दुबईचं ते ताडाच्या आकाराचं बेट, सगळं झालं. सुरुवातीला मजा वाटली, मग म्हणाले अगं हे तर कॅलेंडरवर पण असतं, मला जमीन बघायचीय, नदी कशी वळते, वाळवंट कुठे संपतं ते दाखव.

आता माझा भूगोल यथातथाच, त्यामुळे तुम्हीच सांगा कुठे कुठे न्यावं त्यांना. गूगल अर्थशिवाय अजून काही चांगलं आहे का, फुकट असलेलं? आणि एक शंका, काही ठिकाणी डोंगर आत दबल्यासारखे दिसतात आणि दऱ्या वर आल्यासारख्या, हे काय सेटिंग बिघडलंय का?

नदीकाठचा:
ताई, सरांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी अगदी बरोबर मागितलंय. ठिकाणांवर उड्या मारत बसलं की दोन दिवसांत कंटाळा येतोच. त्यापेक्षा एक नदी धरायची आणि उगमापासून शेवटापर्यंत तिच्यासोबत जायचं, मधे कुठेही सर्च करायचं नाही, फक्त माऊसने नकाशा सरकवत राहायचं.

पहिली नदी मी सांगतो, आफ्रिकेतली ओकावांगो. अंगोलाच्या डोंगराळ भागात उगम, तिथे तिला कुबांगो म्हणतात, मग नामिबियाची एक चिंचोळी पट्टी ओलांडून ती बोत्सवानात शिरते आणि समुद्राला कधीच मिळत नाही. कलहारीच्या वाळूत पसरते आणि तिथेच संपते. वरून बघितलं तर आधी मनगटासारखी सरळ हिरवी पट्टी आणि पुढे बोटं फाकलेला पंजा. आता गंमत बघा, ती मनगटाची पट्टी दोन समांतर भ्रंशांच्या, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या तड्यांच्या मधे अडकलेली आहे, आणि खाली आग्नेयेला माउन गावाजवळ हिरवळ एकदम रेघ मारल्यासारखी थांबते, तिथेही भ्रंशच आहेत. सरांना हे सांगू नका, त्यांना शोधू द्या, ते बरोबर ओळखतील.

मग आणखी झूम करा. त्या हिरव्यात हजारो छोटी छोटी बेटं दिसतील, कडेने झाडांचं गोल कडं आणि मधोमध पांढरा डाग. तो पांढरा डाग म्हणजे क्षार. कडेची झाडं मुळांनी पाणी ओढून घेतात, क्षार मागे राहून बेटाच्या मध्यावर साठत जातात आणि तिथे मग काही उगवत नाही. मला स्वतःला हे बघून जितका आनंद झाला तितका कुठल्याच टॉवरने दिला नाही. आणि पाऊस पडतो अंगोलात आपल्या हिवाळ्याच्या सुमारास, पण ते पाणी रमतगमत खाली पोचून पूर चढतो जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे बोत्सवानात ऐन कोरड्या दिवसांत!

घाटवाटा_प्रेमी:
डोंगर उलटे दिसतात त्याचं उत्तर देतो, सेटिंग अजिबात बिघडलेलं नाही. आपल्या डोळ्यांना उजेड वरून येतो असं गृहीत धरायची सवय असते. पण उत्तर गोलार्धात सूर्य बहुतेक वेळ दक्षिणेकडे असतो, म्हणजे नकाशात खालून उजेड आणि सावली वरच्या बाजूला. हिवाळ्यात घेतलेल्या फोटोत तर जास्तच. त्यामुळे मेंदू फसतो आणि दरीला डोंगर समजतो. उपाय एकदम सोपा, होकायंत्राचं चक्र फिरवून दक्षिण वर आणा, डोंगर लगेच जागेवर येतात. कॉम्प्युटरवरच्या गूगल अर्थ प्रोमध्ये एन दाबलं की उत्तर परत वर येते.

ते प्रो व्हर्जनच टाका ताई, 2015 पासून फुकट आहे. त्यात रेघ काढून उंचीचा आलेख बघता येतो. आम्ही ट्रेकच्या आधी हेच करतो. सरांना म्हणावं कोकणातल्या बेलपाड्यापासून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या माथ्यापर्यंत रेघ ओढा आणि आलेख काढा, सह्याद्रीची पश्चिम बाजू कशी उभी तुटलीय ते एका नजरेत कळतं. फक्त कड्याचा आत वळलेला भाग त्यात येत नाही, कारण आलेखात एका जागेला एकच उंची असते.

रियाधकर:
इथे सौदीत नोकरीला आहे म्हणून इथलंच सांगतो. वायव्येला जॉर्डनच्या सीमेजवळ वादी सिरहान आहे ती बघा. पिवळ्या वाळवंटात हिरवी गोल गोल शेतं दिसतील, कितीतरी गोल जवळजवळ एक किलोमीटर रुंद. मधे बोअर असते आणि तिच्याभोवती चाकांवरचा लांबलचक पाइप फिरत पाणी शिंपतो, म्हणून शेत गोल. पाणी मात्र हजारो वर्षांपूर्वी जमिनीत मुरलेलं, परत भरून न येणारं. टाइमलॅप्स लावा म्हणजे 1984 पासूनची वर्षं एकापाठोपाठ दिसतात, हिरवे गोल कसे वाढत गेले ते बघून मला खरंच अस्वस्थ व्हायला होतं.

आणि त्याच टाइमलॅप्समध्ये अरल समुद्र बघितल्याशिवाय राहू नका. 1960 च्या आसपास जगातलं चौथ्या नंबरचं सरोवर होतं ते. कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी वळवलं आणि समुद्र आटत गेला. 2014 मध्ये दक्षिण अरलचा पूर्वेकडचा भाग पूर्णच कोरडा पडला होता. पण उत्तरेकडचा छोटा तुकडा नीट बघा, तो टिकलाय, कारण कझाकस्तानने 2005 मध्ये मधे बांध घातला आणि सिर दर्याचं पाणी तिथे अडवलं. एकाच चित्रात बिघडवलेलं पण दिसतं आणि सावरलेलं पण.

भूगोलसरांचीलेक:
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद! बाबा काल जेवणाचं ताट तसंच ठेवून ओकावांगोत बसले होते आणि भ्रंशरेषा त्यांनी मी काही न सांगता ओळखली. आता विचारतायत की हे फोटो आत्ताचे असतात का, आपल्या उजनीत आज पाणी किती ते दिसेल का? आणि शेजारशेजारचे चौकोन वेगवेगळ्या रंगाचे का?

पिक्सेल_पुणेकर:
आत्ताचे नसतात ताई, लाइव्ह तर नाहीच नाही. वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या ऋतूंत घेतलेले तुकडे जोडलेले असतात, एक तुकडा पावसाळ्यानंतरचा आणि शेजारचा मे महिन्यातला असला की रंग बदलणारच. फोटोची तारीख खालच्या पट्टीत लिहिलेली असते.

उजनीसाठी कोपर्निकस ब्राउझर उघडा, वेबसाइट आहे, नुसतं बघायला पैसे लागत नाहीत. त्यात युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांचे फोटो मिळतात, साधारण पाच दिवसांनी नवा. एक ठिपका दहा मीटरचा म्हणजे घर ओळखू येणार नाही पण धरणाच्या पाण्याची कड व्यवस्थित दिसते. पावसाळ्यात ढगच ढग, म्हणून ऑक्टोबरअखेरचा एक आणि मेअखेरचा एक असे दोन फोटो शेजारी ठेवा, भिगवणच्या बाजूचं पाणी किती मागे सरकतं ते दिसेल. वर फॉल्स कलर निवडलं की हिरवं पीक लाल दिसायला लागतं, एप्रिल-मेमध्ये आजूबाजूचं रान करडं पडलेलं असतं आणि पाण्याच्या कडेकडेने उसाचे पट्टे लालभडक. नकाशाच्या तासाला हेच दाखवायला हवं होतं शाळेत.

तिथेच लोणारला जाऊन जून 2020 ची तारीख टाका, सरोवर गुलाबी झालं होतं. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा रंग चढला. आधीच्या आणि नंतरच्या तारखा पण बघा, हिरव्यातून गुलाबीत आणि परत हिरव्यात.

हिमगौरी:
उशिरा लिहितेय पण अंटार्क्टिका राहिलं ना! ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या लोकांनी 2020 मध्ये याच सेंटिनेल-2 च्या फोटोंवरून एम्परर पेंग्विनच्या नव्या वसाहती शोधल्या. दहा मीटरच्या ठिपक्यात पेंग्विन कुठला दिसायला, त्यांनी शोधले ते बर्फावरचे विष्ठेचे तपकिरी डाग. सरांना हे नक्की आवडेल. फोटो सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबरचे घ्या, कारण त्याआधी तिथे बराच काळ अंधार असतो आणि नंतर समुद्रावरचा बर्फ फुटायला लागतो.

आणि ताई, जे जे आवडेल तिथे प्रोमध्ये पिवळी पिन टोचून त्यात सरांना त्यांच्या शब्दांत दोन ओळी लिहायला सांगा. सगळ्या पिनांची मिळून एक केएमएल फाइल सेव्ह होते, ती इथे टाकलीत तर आम्ही पण त्याच वाटेने फिरू.