मदत हवी आहे: एल्कसाठी कोणतं काडतूस? (तातडीचं)

घाटवाट:
ऑक्टोबरात अमेरिकेतल्या कोलोराडोत एल्कच्या (सांबरासारखं थोराड जनावर) शिकारीला जातोय. दुकानदार ३०० विन मॅग (जबर दणक्याचं काडतूस) गळ्यात मारतोय, ऑफिसातला मित्र म्हणतो ६.५ क्रीडमोर (त्याहून हलकं) बास. शनिवारी दुकानात जायचंय, त्याआधी सांगा. "अभ्यास वाढवा" छाप सल्ले नकोत.

डेन्व्हरकर:
किती अंतरावरून मारणार? हातात आत्ता कोणती रायफल आहे? पायाचं माप न देता चप्पल मागताय.

रांगडा_पाटील:
३०० विन मॅग. विषय संपला. तीनशे किलोचं धूड आहे ते, ससा नव्हे.

डेन्व्हरकर:
कसला संपला, पाटील? खांद्याला बसणाऱ्या दणक्याच्या धास्तीनं चाप ओढताना डोळे मिटले की गोळी पोटात. मग बसा बॅटरी घेऊन पाचोळ्यात रक्ताचे थेंब शोधत. माझा पहिला एल्क ३०८ नं (मधल्या ताकदीचं काडतूस) पडला. दीडशे यार्ड, १६५ ग्रेन वजनाची तांब्याची गोळी, दोन्ही फुप्फुसांतून आरपार. साठेक पावलं चालला नि बसला. कॅलिबरवर (गोळीच्या जाडीवर) भांडण्यापेक्षा गोळी बघा. हरणासाठीची पातळ कवचाची गोळी एल्कच्या खांद्याच्या हाडावरच फुटते, आत पोचत नाही. अख्ख्या तांब्याची, बॉन्डेड (आतलं शिसं कवचाला घट्ट सांधलेली), नाहीतर नोसलर पार्टिशन (मध्ये आडभिंत असलेली) घ्या.

रांगडा_पाटील:
साठ पावलं चालला ना? ३०० असती तर जागेवर.

सुगरण:
एल्कच्या मटणाला चरबी नसते, सुकं कोरडं पडतं. रात्रभर दह्यात ठेवा.

बंडोपंत:
आमच्या आजोबांकडे ठासणीची होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला नि ती माळ्यावर गेली.

घाटवाट:
दोनशे यार्डांच्या आतच मारणार. रायफल नाही. मित्राची २४३ (लहान गोळीची रायफल) मिळेल, चालेल? एच-१बी व्हिसावर आहे, त्यानं काही फरक पडत नाही ना?

डेन्व्हरकर:
अहो, हे आधी सांगायचं! एच-१बीवर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. राज्याचं शिकारीचं लायसन्स चालू असेल तरच सूट. मित्राचीही तोवर हातात घेऊ नका. आणि कोलोराडोत १९४९ किंवा नंतरचा जन्म असेल तर हंटर एज्युकेशनच्या कार्डाशिवाय लायसन्स नाही. म्हणजे आधी क्लास, मग लायसन्स, मग दुकान. २४३ तिथल्या नियमात बसते, गोळी ८५ ग्रेनच्या खाली नको नि लागल्यावर फुलणारी हवी. पण पहिल्याच एल्कला मी नाही नेणार. ३०८ घ्या.

घाटवाट:
क्लास शोधतो. पण ३०० वर आगाऊ पैसे भरून बसलोय, ते परत मिळतात का?

रांगडा_पाटील:
शाब्बास!