रेझिस्टिव्हिटी सर्वे (जमीन विजेला किती अडवते त्याची मोजणी) केलाय. आलेखातला खड्डा पाण्याचा की गेरूचा (लाल मातकट थराचा)?

नमस्कार मंडळी,
शेत सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात. वर काळी माती, थोडा मुरूम, मग पाषाण. विहीर उन्हाळ्याआधीच तळ दाखवते, म्हणून बोअर घ्यायचंय. पाणाड्याने नारळावर जागा दाखवली, वडिलांना ती पटलीही. मी मात्र मशीनवाल्याला बोलावलं. त्याने श्लंबर्जर पद्धतीने चार सळया ठोकून, बाहेरच्या दोन लांबवत रीडिंग घेतली.

एबी/२ (मध्यापासून बाहेरच्या सळईचं अंतर, मीटर) आणि ओहम-मीटर (विजेला होणारा अडथळा) असे आकडे आहेत:
५ – १४, १० – २३, २० – ४१, ३० – ५४, ४० – ५०, ५० – ४३, ६० – ४५, ८० – ५६, १०० – ६८

तो म्हणतो, "५०ला आकडा पडलाय, म्हणजे १६५ फुटांवर पाणी. २५० फूट मारा." पण शेजारच्या बोअरला शंभरेक फुटांवर नुसतं लाल पीठ उडालं होतं, पाणी टिपूस नाही. पाण्यासारखा गेरूनेही आकडा पडतो ना? मग ओळखायचं कसं?

उत्तर १
पडतो की! गेरू चिकणमातीसारखा, त्यातून वीज सहज जाते. नुसत्या आकड्यावरून फरक कळत नाही. आणि एबी/२ म्हणजे खोली नव्हे. आकडा वरच्या सगळ्या थरांचा मिळून येतो, खड्ड्याला कारण असलेला थर बहुधा बराच वर असतो. १६५ फूट विसरा. विहिरीत उतरून मुरूम, मांजऱ्या (बारीक छिद्रांचा) खडक, गेरूचा पट्टा किती फुटांवर आहेत ते मोजा आणि आलेख त्याच्याशी ताडून पाहा.

उत्तर २
मला खड्ड्याचीच शंका येते. थरामुळे आलेख गोलाईने वळतो, इतका चटकन पडून उठत नाही. लाइनीजवळ लोखंडी पाइप किंवा तारेचं कुंपण होतं का? त्यातूनही वीज जाते. त्याच मध्यबिंदूवर लाइन काटकोनात फिरवून पुन्हा रीडिंग घ्या. खड्डा गायब झाला तर तो पाण्याचा नव्हताच असं समजा. शिवाय २५० फूट म्हणजे ७६ मीटर. २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या पुढे ती 'खोल विहीर' ठरते. आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा.

धागाकर्ता
कुंपण आहे! लोखंडी अँगलचं, लाइन त्याला लागूनच टाकली होती. आडवी लाइन टाकायची तर शेजाऱ्याच्या कांद्यातून जावं लागेल. काढणी झाली की नवे आकडे इथेच टाकतो, बोअरची गाडी तोवर थांबवलीय.