सल्ला हवा : नव्या गाडीच्या कोटेशनमधील कोणत्या रकमा नाकारता येतात? (नाशिक, ऑन-रोड मर्यादा १० लाख)

पाथर्डीफाटा :
नमस्कार. रोज सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत जाण्यायेण्यासाठी चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी घेत आहे. मॉडेल ठरलेले आहे, त्यामुळे कृपया दुसरे सुचवू नये. माझी अडचण गाडीची नसून शोरूमची आहे.
कोटेशनमध्ये एक्स-शोरूम ८,४०,०००, आरटीओ ९५,०००, विमा ४७,०००, ॲक्सेसरी पॅक २४,०००, हँडलिंग चार्जेस ७,५००, वाढीव वॉरंटी १६,००० आणि फास्टॅग ५०० असे मिळून १०,३०,००० रुपये लिहिले आहेत. त्यातून १५,००० सूट देऊ असे तोंडी सांगितले आहे. तोच विमा बाहेर ३१,००० ला मिळतो. पण बाहेरून घेतो म्हटले की सूट रद्द होते. ॲक्सेसरी नको म्हटले, तर पॅक बसवलेल्याच गाड्या स्टॉकमध्ये असतात. हँडलिंगबद्दल विचारले की "सर, ते सगळेच घेतात" हे उत्तर ठरलेले आहे. प्रत्येक वेळी तो मुलगा मॅनेजरला विचारून येतो म्हणून आत जातो आणि तोच आकडा घेऊन परत येतो. पाडव्याला गाडी दारात हवी अशी आईची इच्छा असल्याचे कळल्यापासून तर त्यांचा सूर फारच ताठ झाला आहे.
माझी मर्यादा १० लाख आहे आणि ती वाढणार नाही. यातले काय नाकारता येते?

द्राक्षबागायतदार :
मॉडेल सुचवू नका म्हणालात, तरी वयाच्या अधिकाराने सांगतो की सिन्नरच्या रस्त्याला एवढी लहान गाडी घेऊ नका. मी दिंडोरीहून येऊन १४ लाखांची मोठी डिझेल गाडी घेतली आणि सगळे पैसे एकरकमी दिले. शोरूमच्या मालकांनी स्वतः केबिनमध्ये बसवून चहा पाजला, चांदीचा गणपती दिला आणि कोटेशनवर एक शब्द बोलावा लागला नाही. बागेवर आलेला व्यापारी पहिला भाव सांगतो, तसाच हा कागद असतो. तो वाचत बसायचा नसतो. चार लाख वाढवा, सगळे प्रश्न मिटतील.

विमावाला_निवृत्त :
मूळ प्रश्नाकडे येतो. डीलरकडूनच विमा घेण्याची सक्ती करता येत नाही. विमा नियामकाने २०१७ मध्ये डीलरांमार्फत होणाऱ्या विमाविक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही हे स्पष्ट आहे. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवते आणि तो सगळीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात आणि ॲड-ऑनमध्ये, म्हणजे वरून घेतलेल्या जादा संरक्षणात.
मात्र ३१ आणि ४७ यांची तुलना करण्याआधी दोन्ही पॉलिसींची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, पाहावी. नव्या गाडीची आयडीव्ही साधारणपणे एक्स-शोरूमच्या ९५ टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत ७,९८,००० असायला हवी. ती कमी दाखवली किंवा झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारे ॲड-ऑन) वगळले की हप्ता आपोआप स्वस्त दिसतो. जुनी गाडी आपल्या नावावर असेल आणि ती विकणार असाल, तर तिचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) नव्या गाडीला लावून घ्यावा. तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि शोरूममधला कोणीही आपणहून त्याची आठवण करून देत नाही.

पाथर्डीफाटा :
आभारी आहे. जुनी गाडी वडिलांच्या नावावर आहे. त्यांचा बोनस मला मिळेल का?

विमावाला_निवृत्त :
नाही. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. नवी गाडी वडिलांच्याच नावावर घेतलीत तरच तो लागू होईल.

ठाणे_नाशिक_अपडाऊन :
नाशिकमध्ये प्रत्येक कंपनीचे मोजकेच डीलर असल्यामुळे त्यांना स्पर्धाच नाही. मी गाडी ठाण्याहून घेतली. तिथे सूट जास्त मिळाली, हँडलिंगचा शब्दही निघाला नाही आणि कसारा घाट चढून गाडी मीच चालवत आणली. नाशिकच्या शोरूममध्ये पाऊल ठेवू नका.

गंगापूररोड_७ :
डिझेलचा खर्च आणि एका सुट्टीचा पगार यांचा हिशेब आपण धरलेला दिसत नाही. शिवाय पहिल्या सर्व्हिसिंगला "गाडी आमच्याकडून घेतलेली नाही" हे तोंड वाकडे करून ऐकवले जाते, ते वेगळेच.

ठाणे_नाशिक_अपडाऊन :
माझी गाडी सीएनजी आहे. आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला वॉरंटीतले काम नाकारता येत नाही, मग गाडी कुठूनही घेतलेली असो.

इंदिरानगरच्या_काकू :
बुकिंगच्या पैशांबद्दल कोणीच बोललेले नाही. आमच्याकडून २१,००० घेताना "मॅडम, कधीही परत मिळतील" असे सांगितले होते. रंग मिळेना म्हणून बुकिंग रद्द केले, तेव्हा अकाउंट्स विभाग, मग मुख्य कार्यालय, मग पुन्हा अकाउंट्स अशा फेऱ्या सुरू झाल्या आणि ज्याने पैसे घेतले होते तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. त्याच्या मोबाइलवर यूपीआय केलेले असल्यामुळे शोरूमचे म्हणणे असे, की पैसे आमच्याकडे आलेच नाहीत. म्हणून पैसे कंपनीच्या खात्यावरच भरावेत आणि पावतीवर रद्द करण्याच्या अटी लिहून घ्याव्यात. तुमच्या आईंना पाडव्याच्या शुभेच्छा.

चतुर्थीचा_ग्राहक :
आपण निदान योग्य वेळी घेत आहात. मी २०२५ च्या गणेश चतुर्थीला गाडी घेतली. जीएसटी कमी होणार असल्याची चर्चा वर्तमानपत्रांत होती आणि सेल्समन छातीठोकपणे सांगत होता की आपल्या गाडीला काही लागू होणार नाही. २२ सप्टेंबरपासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच मुलाचा नंतर फोन आला, "सर, आता गाडी खूप स्वस्त झाली आहे, मित्रांना सांगा."

द्राक्षबागायतदार :
मोठ्या गाड्यांवर आता ४० टक्के आहे. तरीही आम्ही घेतो.

सीए_कॉलेजरोड :
४० टक्के हा दर उपकर रद्द होऊन आला आहे, त्यामुळे मोठ्या गाड्याही पूर्वीपेक्षा महाग झालेल्या नाहीत. काकांना एक विचारतो : गाडीची किंमत १० लाखांच्या वर असल्यामुळे आपल्याकडून एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर, घेतला असणार. तो आपल्या पॅनवर जमा आहे. विवरणपत्र भरून परत मागितला का?

द्राक्षबागायतदार :
शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, मग विवरणपत्र कशाला भरायचे?

सीए_कॉलेजरोड :
ते पैसे परत मिळवायला. हा विषय इथे थांबवतो, कारण ८,४०,००० च्या गाडीला टीसीएस नाही.

सातपूरचा_यंत्रज्ञ :
चर्चा पैशांभोवती फिरते आहे. गाडी कोणी पाहणार आहे का? आम्ही कारखान्यात काम करणारे लोक, आम्हाला ठाऊक आहे की गाडी कारखान्यातून चांगली निघाली तरी यार्डात महिनोन्महिने उन्हात उभी राहते. नोंदणी होण्याआधी, म्हणजे चेसिस नंबर तुमच्या नावावर चढण्याआधी, यार्डात जाऊन ती विशिष्ट गाडी दिवसाउजेडी पाहण्याचा आग्रह धरा. त्यांचे "पॉलिश करून शोरूममध्ये दाखवतो" हे ऐकू नका, कारण पॉलिशखाली डाग दिसत नाही. टायरवर चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. पाचही टायर जवळपासच्या तारखांचे हवेत. ओडोमीटर, काचांवरचे शिक्के, दरवाजांच्या फटी आणि रंगातला फरक पाहा. चेसिसवर कोरलेला क्रमांक कागदाशी स्वतः जुळवा. गेल्या वर्षी बनलेली गाडी असेल, तर त्याची वेगळी सूट मागा, कारण आरसीवर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेले असते आणि विकताना ग्राहक तेच बघतो.

नवा_सभासद_नाशिकरोड :
वर कोणी सांगितले आहे की नाही माहीत नाही, पण विमा बाहेरून घ्यावा. खूप पैसे वाचतात.

गंगापूररोड_७ :
वर सांगितले आहे. आणि पैसेही वाचत नाहीत. धागाकर्त्यांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे विमा बाहेरून घेतला की १६,००० वाचतात आणि १५,००० ची सूट जाते. उरले हजार. सूट विम्याला बांधण्याचे कारणच हे आहे.

पेठरोडवाला :
आरटीओत बरीच वर्षे कामे करून देत असल्यामुळे तीन गोष्टी स्पष्ट करतो. आपल्या ९५,००० मध्ये लपवाछपवी दिसत नाही. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के कर आहे, तो ९२,४०० होतो. उरलेले पैसे नोंदणी, बँकेच्या बोजाची नोंद आणि आरसी कार्डाचे.
हँडलिंगचा एक रुपयाही पेठ रोडला, म्हणजे आरटीओत, येत नाही. गाडी कंपनीतून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो, तेव्हा ही रक्कम नक्की कशाची, हे ईमेलवर विचारा आणि तिचे वेगळे बिल मागा. तोंडी विचारले की वाद होतो, लेखी विचारले की बहुतेक वेळा रक्कम गळते. नाहीच गळली, तर कंपनीच्या ग्राहक विभागाला आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवा.
पाडव्याबद्दल सांगायचे तर, २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा असतो आणि नंबर लागल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नसते. त्यामुळे मुहूर्ताची डिलिव्हरी हवी असेल, तर पैसे काही दिवस आधी पूर्ण भरावे लागतात. शोरूमचा सूर ताठ होतो तो यामुळे : पैसे भरून झाल्यावर ग्राहक कशालाही हो म्हणतो.

इंदिरानगरच्या_काकू :
म्हणूनच मुहूर्ताला गाडी घेऊच नये. मार्चअखेर घ्यावी, तेव्हा त्यांना टार्गेट पूर्ण करायचे असते.

ठाणे_नाशिक_अपडाऊन :
मार्चअखेर ठाण्यातून.

सिडकोकर :
जुनी गाडी एक्स्चेंजला देणार असाल, तर जपून. आमची गाडी शोरूमने घेतली, पुढे कोणाला तरी विकली आणि नाव बदललेच नाही. भलत्याच शहरांतली ई-चलने माझ्या मोबाइलवर येत राहिली. त्यांना फोन केला की "सर, प्रोसेसमध्ये आहे". हस्तांतरणाच्या अर्जाची प्रत आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली सही-शिक्क्याची पावती मिळाल्याशिवाय किल्ली देऊ नका.

पाथर्डीफाटा :
सर्वांचे आभार. निर्णय झाला आहे आणि तो बहुतेकांना आवडणार नाही. गाडी त्याच शोरूममधून, पाडव्यालाच घेत आहे. विमाही त्यांचाच घेतला आहे.
हँडलिंगचे स्पष्टीकरण ईमेलवर मागितले. उत्तर आले नाही, पण सुधारित कोटेशन आले आणि त्यात ती ओळ नव्हती. बाहेरच्या पॉलिसीची आयडीव्ही खरोखरच कमी निघाली. तीच आयडीव्ही आणि झिरो डेप धरून दर मागवला, तेव्हा फरक थोडाच उरला. तो कागद पुढे ठेवल्यावर ४७ चे ३८,००० झाले आणि १५,००० ची सूट कायम राहिली, आता लेखी. पॅकऐवजी मॅट आणि मडफ्लॅप एवढेच ६,००० ला घेतले. पॅक न बसवलेली गाडी यार्डात होती, हे यार्डात गेल्यावर दिसले. टायर आणि चेसिस क्रमांक तपासले. वाढीव वॉरंटी ठेवली आहे. एकूण ९,८०,५०० झाले. जुनी गाडी वडिलांकडेच राहील.
ठाण्याला गेलो नाही, कारण हे सर्व्हिस सेंटर माझ्या कंपनीच्या बसथांब्यासमोर आहे आणि गाडी टाकून कामावर जाता येते.

ठाणे_नाशिक_अपडाऊन :
इतका सल्ला घेऊन शेवटी त्यांच्याच दारात गेलात. वाढीव वॉरंटीचे १६,००० तर सरळ पाण्यात गेले.

सातपूरचा_यंत्रज्ञ :
वॉरंटीबद्दल असहमत. हल्लीच्या गाड्यांतला एक सेन्सर किंवा स्क्रीन बिघडली तरी तेवढे बिल होते. मात्र ती कंपनीची आहे की डीलरने दुसऱ्याच कोणाची विकली आहे, हे कागदावर पाहा. डीलरची असेल तर अजून रद्द करा.

पाथर्डीफाटा :
पाहिले. कंपनीची आहे.

द्राक्षबागायतदार :
डिलिव्हरीला अजून अवकाश आहे. मोठी गाडी घ्यायची असेल तर माझ्या शोरूमवाल्याला फोन करतो, चांदीचा गणपती नक्की मिळेल.